उजव्या डोळ्यातली बाई

२०१५ साली फोटोमास्तरांनी स्कूटर विकली, पाच कोटी पिक्सेलांचा कॅमेरा घेतला आणि घरात पाऊल टाकताच बायकोला जाहीर केलं, "तुझे ब्रश आता गुंडाळून ठेव. यापुढे माझ्या फोटोला टचिंग लागणार नाही."

मास्तरीणबाई कपबशा पुसत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि बाजारात जायचं कशावर?"

थोर माणसं असल्या प्रश्नांना उत्तरं देत बसत नाहीत.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नसत. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या माणसालाही ते स्टुलावर बसवून प्रकाश म्हणजे काय आणि सावली म्हणजे काय हे अर्धा तास समजावून सांगत, म्हणून लोकांनी त्यांना मास्तर केलं. त्यांच्या बायकोला मग मास्तरीणबाई होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे पहिल्या मजल्यावरची पंधरा फूट लांबीची एक खोली. एका टोकाला राखाडी पडदा आणि स्टूल, दुसऱ्या टोकाला खिडकी. खिडकीखाली मास्तरीणबाईंचं टचिंगचं तिरपं टेबल. एकतीस वर्षं त्या टेबलाशी बसून त्यांनी लोकांचे चेहरे सावरले होते. फिल्म होती तोवर सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने निगेटिव्हवर, नंतर बारीक ब्रशने कागदावर, आणि कॉम्प्युटर आल्यावर त्याच्यावर. देवीचे व्रण त्यांनी बुजवले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळली, आणि एका वकिलाचे दोन कान एका उंचीवर आणून दिले. तेव्हा माणसं फोटोला येत तीसुद्धा काय तयारीने येत! जिन्यातच थांबून घाम पुसायची, रुमालाने बूट झटकायची, दारातल्या आरशात तीनदा भांग पाडायची. एका फोटोवर दहा वर्षं काढायची असत ना. आता माणूस चहा पिता पिता स्वतःचे चाळीस फोटो काढतो आणि त्यांतला एकही दुसऱ्या दिवशी उघडून बघत नाही. त्यापायी स्टुडिओच्या जिन्यावर चार-चार दिवस पाऊल वाजेनासं झालं होतं. कॅमेरा घेण्यामागे मास्तरांचा हिशेब तोच होता: लोकांच्या फोनला जे दिसत नाही ते आपण दाखवायचं.

मास्तरांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, आपण योजलेला प्रकाश. दोन, आपल्या फोटोतलं हसू. स्टुडिओतून बाहेर पडलेल्या फोटोत माणूस असा काही मोकळा हसलेला असे की बघणाऱ्याच्याही ओठाचा कोपरा हलावा. हे हसू आपण बोलण्यातून काढतो, असं मास्तरांचं म्हणणं होतं. फोटोग्राफर संघटनेत त्यांनी 'संवादातून स्मित' या विषयावर दीड तास व्याख्यान दिलं होतं. मास्तरीणबाई शेवटच्या रांगेत बसून साडीला फॉल लावत होत्या.

खरी हकिगत अशी. स्टुडिओ उघडला त्या वर्षी एक फौजदार फोटोला आले. चेहरा असा की समोरच्याने न विचारता गुन्हा कबूल करावा. मास्तर बोलतायत, बोलतायत, फौजदार हलायला तयार नाहीत. मास्तरीणबाई मागे खुर्च्या झटकत होत्या. बाजूच्या खुर्चीशी आल्यावर त्यांचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. एक डोळा गच्च मिटलेला, दुसरा कोंबडीसारखा वटारलेला, जिभेचं टोक डाव्या कोपऱ्यातून बाहेर, गुडघे वाकवलेले आणि बसायची बाजू इतकी मागे की कुणी दोरी बांधून ओढतंय. बाईंचं वय तेव्हा बावीस. हातातलं पिसांचं झटकणं त्यांनी डोळ्याला लावलं आणि हुबेहूब तशाच वाकून उभ्या राहिल्या. फौजदार खदखदले. मास्तरांनी बटण दाबलं आणि मागे वळून म्हणाले, "बघितलंस? दोन शब्द मनापासून बोललो आणि माणूस उमलला."

तोवर बाई पुन्हा खुर्च्या झटकत होत्या.

संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण संध्याकाळी नवरा इतका खूश होता की म्हटलं उद्या सांगू. उद्याला एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं आलं, तेही हसेना. मग एक कारकून. मग एक गायिका. असं उद्या-उद्या करत एकतीस वर्षं गेली, आणि एकतीस वर्षांनी अशी गोष्ट सांगायला काही तोंड राहत नाही. एक दक्षता मात्र बाई घेत. कुठल्याही फोटोतल्या डोळ्यांना त्या स्वतः हात लावत. बुबुळात समोरच्या खोलीचा एक करडा ठिपका उमटलेला असतो, खसखशीएवढा. त्यात कुणाला काय दिसणार? तरीपण त्या त्याच्यावर पांढरा टिपका ठेवून मोकळ्या होत. "डोळ्यात चमक हवी," असं नवऱ्याला सांगत. मास्तर म्हणत, चमक माझ्या प्रकाशाची आहे, तू फक्त ठळक करतेस.

तर अशा वेळी मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ एक काम घेऊन आला. तो डोळ्यांच्या इस्पितळात कारकून होता. इस्पितळ काढणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई चाळीस वर्षांनी निवृत्त होणार होत्या. नव्या इमारतीच्या दालनात त्यांचा दहा फूट उंचीचा फोटो लावायचा होता. भाऊ म्हणाला, "भावजी, दहा फूट म्हणजे डोळा बशीएवढा होईल. बघा जमतंय का. जमलं तर इस्पितळाचं पुढचं सगळं काम तुमचं. नाही जमलं तर माझी मान खाली."

मास्तरांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा कॅमेरा काय लग्नात फिरवायला घेतलाय?"

कॅमेरा होता, पण लेन्स नव्हती. आणि लेन्स निवडणं म्हणजे मास्तरांच्या लेखी सोयरीक जुळवण्याहून अवघड काम होतं. चेहऱ्याच्या फोटोला प्राइमच पाहिजे, या बाबतीत त्यांचा निकाल पक्का होता. प्राइम म्हणजे जी लेन्स जवळ-लांब होत नाही ती. ती जागची हलत नाही, हलायचं आपण. ओळखीच्या दुकानदाराने त्यांना चार प्राइम लेन्स आठ दिवस वापरून बघायला दिल्या: पन्नास मिलिमीटरची, पंच्याऐंशीची, एकशे पाचची आणि एकशे पस्तीसची; आकडा जितका मोठा तितकं मागे सरायचं. देताना तो म्हणाला, "मास्तर, आठ दिवसांनी एक ठेवा नि तीन परत करा. गेल्या खेपेला तुम्ही चार परत केल्या होत्या आणि वर मला दोन तास शिकवलं होतं."

पन्नासच्या लेन्सचा निकाल पहिल्याच सकाळी लागला. तिने चेहरा भरायचा तर माणसाच्या अगदी अंगाला भिडावं लागतं, आणि इतक्या जवळून नाक आधी येतं नि बाकीचा चेहरा मागाहून. मास्तरांनी मेहुण्याचा फोटो काढला. त्यात मेहुण्याचं नाक अशा काही थाटात पुढे आलं होतं की कान त्याच्या सोबतीला आलेत असं वाटावं. मेहुणा घरी जाऊन आरशासमोर बराच वेळ उभा होता, असं त्याच्या बायकोने नंतर सांगितलं.

एकशे पस्तीसच्या लेन्सने वेगळा घोळ घातला. तिला लांबून बघायची हौस. डोकं आणि खांदे बसवण्यासाठी मास्तर मागे सरकत सरकत खिडकीला टेकले. तेवढ्याने त्यांचं भागेना. कॅमेऱ्याचं तोंड फिरवून त्यांनी बायकोला खिडकीत बसवलं आणि स्वतः दारातून बाहेर पडले. बाहेर जिन्याचा चौक, चौकापलीकडे शिंप्याचं दुकान. मास्तर कॅमेऱ्यातून नजर न काढता उलट्या पावलांनी चौक ओलांडून शिंप्याच्या दुकानात शिरले आणि मशीनला अडले. "अगं, हनुवटी जरा खाली घे," असं ते तिथून ओरडले. शिंपी मुकाट उठला, गळ्यातली टेप काढली आणि त्यांच्या कमरेचं माप लिहून घेतलं. त्याचा समज झाला की मास्तर पँटसाठी आलेत. पुढच्या आठवड्यात पँट शिवून आलीसुद्धा.

राहिल्या दोन. पंच्याऐंशी आणि एकशे पाच. पुढचे पाच दिवस मास्तरांनी या दोघींना एकमेकींशी झुंजवलं. भिंतीवर वर्तमानपत्राची पानं टाचून त्यांचे फोटो काढले आणि कोपऱ्यातल्या जाहिरातींची बारीक अक्षरं मोजली. मग माणसाची पाळी आली, आणि घरात माणूस एकच. मास्तरीणबाई स्टुलावर बसल्या. चाचणीच्या वेळी हसायचं नाही, अशी मास्तरांची सक्त ताकीद होती. हसलं की सुरकुत्या हलतात आणि लेन्सचा खरा गुण कळत नाही.

पंच्याऐंशीच्या लेन्सने पापण्या स्पष्ट घेतल्या आणि कानामागचं सगळं सायीसारखं मऊ करून टाकलं. एकशे पाचच्या लेन्सने काहीच सोडलं नाही. मास्तरांनी बायकोला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि एकेक भाग मोठा करून दाखवू लागले.

"हे बघ, ओठावरची लव. एक-एक केस मोजून घे. आणि हे काय असेल?"

"सकाळचं बिस्किट," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बिस्किटाचा कण! आणि त्याची सावलीसुद्धा! काय लेन्स आहे."

बाईंनी स्वतःचा चेहरा शांतपणे बघितला. पन्नाशीतल्या बाईने बघू नये इतका तो मोठा होता. मग त्या म्हणाल्या, "पंच्याऐंशीची घ्या. तिच्यात माणूस माणसासारखा दिसतोय."

"तुला माया दिसते. मला पिक्सेल दिसतात."

"तेच म्हणते मी."

मास्तरांनी एकशे पाचची ठेवली. त्याच दिवशी त्यांनी आणि शिंप्याने मिळून टचिंगचं टेबल उचललं आणि जिन्याखाली नेऊन ठेवलं. दुसऱ्या सकाळपासून तिथे शिंप्याची गिऱ्हाइकं चपला काढायला लागली. मास्तरीणबाई येता-जाता त्या टेबलाकडे बघत आणि काही बोलत नसत. न बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

मोठ्या डॉक्टरीणबाई ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी आल्या. पांढरे केस, ताठ पाठ, आणि चेहऱ्यावर "पुढचा पेशंट" असे भाव. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलेलं, पण आपल्याकडे कुणी रोखून बघितलेलं त्यांना सोसत नव्हतं. मास्तरांनी स्वतःच्या पाठीमागे एक नवी भली मोठी पांढरी दिव्याची पेटी उभी केली होती, दारासारखी उंच. तिच्यासमोर ते वाकून उभे राहिले आणि संवाद सुरू केला. प्रकाशावर दहा मिनिटं. सावलीवर सात. मग म्हणाले, "डॉक्टर, आता एखादी आनंदाची आठवण मनात आणा."

"आठवत नाही."

"एखादं यशस्वी ऑपरेशन?"

"ते काम असतं. आनंद कसला त्यात?"

मास्तर थकेनात, डॉक्टर हसेनात. मेहुणा दारात उभा राहून घड्याळ बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरत चालला होता. मास्तरीणबाई कोपऱ्यात होत्या. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आज नाही. एवढी मोठी बाई, हे बरं दिसणार नाही. पण नवऱ्याच्या मानेवरून घामाचा ओघळ खाली उतरताना त्यांनी बघितला. हा फोटो फसला की स्टुडिओचं दार पुन्हा वाजायचं नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी झटकणं उचललं, पांढऱ्या पेटीसमोर नवऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, गुडघे वाकवले, एक डोळा मिटला, जिभेचं टोक काढलं.

डॉक्टरीणबाईंनी एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा त्यांच्या मागे, आणि त्या हसल्या. दातांपासून सुरू झालेलं ते हसू कपाळापर्यंत गेलं. मेहुण्याने पुढे सांगितलं की इस्पितळात लागल्यापासून त्याने त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

डॉक्टर गेल्यावर मास्तर खुर्चीत बसले आणि कपाळ पुसत म्हणाले, "संवाद. दुसरं काही नाही."

बाईंनी सवयीने विचारलं, "डोळ्यांत तेवढी चमक टाकून देऊ?"

"डोळ्यांना हात लावायचा नाही! जे आहे तेच दिसलं पाहिजे." आणि त्यांनी दोन पानं भरून पापण्यांचे केस मोजले, समाधानाने मान हलवली, फाइल पेन-ड्राइव्हवर घातली आणि मेहुण्याच्या हाती थेट छापखान्यात पाठवून दिली. याही वेळी मास्तर लेन्सच बघत होते. फोटो त्यांनी बघितलाच नव्हता.

तो बघितला मास्तरीणबाईंनी. तीन दिवसांनी दुपारी मास्तर जेवून आडवे झाल्यावर, हाताला चाळा नव्हता म्हणून त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि उजवा डोळा मोठा केला. मग आणखी मोठा केला. बुबुळात पांढऱ्या दारासारखी ती दिव्याची पेटी उमटली होती आणि तिच्यापुढे दोन काळ्या आकृत्या: पुढे एक बुवा कॅमेरा घेऊन वाकलेला, मागे एक बाई झटकणं घेऊन अगदी तशीच वाकलेली. करड्या ठिपक्याला एकतीस वर्षांनी हातपाय फुटले होते. इतकंच नव्हे, झटकण्याची पिसंही मोजता येत होती. लेन्स खरंच चांगली होती.

बाईंनी भावाला फोन लावला. त्याला खरं सांगायची सोय नव्हती. सकाळी भावाच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत इस्पितळभर होई. म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "तो फोटो लावू नका. मोठ्या डॉक्टरांच्या उजव्या डोळ्यात काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे?"

"मला नाही सांगता येत. पण आहे. नीट बघितलं की दिसतं. लागलीच थांबव."

एकतीस वर्षं माणसांचे चेहरे बारकाईने बघितलेल्या ताईला डॉक्टरांच्या डोळ्यात काहीतरी दिसलं, ते काय आहे हे तिला सांगवत नाही, आणि तिचा आवाज कापतोय. भावाने यातून जो अर्थ काढायचा तो काढला. फोन ठेवून तो तडक धाकट्या डॉक्टरांकडे गेला. धाकटे डॉक्टर हे मोठ्या डॉक्टरीणबाईंचे पुतणे आणि त्यांच्या जागेवर बसणारे. त्यांना त्याने हलक्या आवाजात सांगितलं की फोटोत बाईसाहेबांच्या उजव्या डोळ्यात काही आढळलंय.

तासाभरात इस्पितळाचा नूर पालटला. नर्स म्हणाल्या, तरीच गेला महिनाभर बाईसाहेब फाइल लांब धरून वाचतात. कुणी म्हणालं, निवृत्तीचं खरं कारण हेच. लहान मुलांचे डोळे तपासणारे एक डॉक्टर म्हणाले की डोळ्यातली गाठ फोटोत आधी दिसते, तपासणीत मागाहून, आणि ते ऐकून सगळ्यांचेच चेहरे पडले. मोठ्या डॉक्टरीणबाईंना खुर्चीत बसवून धाकट्यांनी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, दिवे मारले. पाठोपाठ आणखी तिघांनी तेच केलं.

"काय शोधताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

डोळा तर ठणठणीत होता. मग फोटोत काय होतं? असं करत सगळे डॉक्टर, बाहुल्या विस्फारलेल्या डॉक्टरीणबाईंसह, खालच्या दालनात आले. दहा फुटी फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्यावरचा पडदा दूर व्हायचा होता, तो आजच दूर झाला. शिडी आणली गेली. टॉर्च आणला, भिंग आणलं. जो फोटो जाणाऱ्या-येणाऱ्याने मान वर करून एकदा बघितला असता नि विसरून गेला असता, त्याच्या उजव्या बुबुळाची आता डोळ्यांचे नऊ डॉक्टर एकेक करून तपासणी करणार होते. हे सगळं मास्तरीणबाईंच्या एका फोनने झालं.

दरम्यान भावाने भावजींनाही कळवलं. त्या बाबतीत तो कधी कमी पडला नाही. त्याने सांगितलं डोळ्याबद्दल, पण लेन्समध्ये दोष निघालाय, असं मास्तरांनी ऐकलं आणि ते शिंप्याने शिवलेली नवी पँट चढवून इस्पितळाकडे निघाले. स्कूटर नव्हती, म्हणून चालत. मास्तरीणबाई मागोमाग निघाल्या. वाटेत त्यांनी तीन वेळा "अहो, ऐका जरा" म्हणून बघितलं. मास्तर तीनही वेळा लेन्सच्या काचेबद्दल बोलत राहिले.

दोघं दालनात शिरले तेव्हा धाकटे डॉक्टर शिडीवर होते. भिंग डोळ्याला लावून ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "इथे एक बाई आहे."

"कुठल्या थरात?" खालून कुणीतरी विचारलं.

"थरात नाही. उभी आहे. वाकून."

मास्तर गर्दीतून वाट काढत पुढे आले. "बाजूला व्हा. माझ्या लेन्समध्ये दोष असणं शक्य नाही. जे समोर होतं तेच तिने घेतलंय, रतीभर कमी नाही, रतीभर जास्त नाही!" असं म्हणत त्यांनी धाकट्या डॉक्टरांना खाली उतरवलं, भिंग हातात घेतलं आणि ते शिडी चढले.

मास्तरीणबाई खाली उभ्या होत्या. त्यांना फक्त नवऱ्याची पाठ दिसत होती. ती पाठ आधी ताठ होती. मग पुढे झुकली. मग, बघताना मास्तर नेहमी करत तसं, त्यांचे गुडघे वाकले, बसायची बाजू मागे आली आणि एक डोळा मिटला गेला असणार, जिभेचं टोकही बाहेर आलं असणार. खाली उभ्या असलेल्या नऊ डॉक्टरांनी एकदा बुबुळाकडे बघितलं, एकदा शिडीवर बघितलं. कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणालाच आवरेना.

हसल्या नाहीत त्या फक्त मास्तरीणबाई. मास्तर एकेक पायरी करत खाली आले. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी बायकोकडे बघितलं आणि तोंड उघडलं, पण एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना संवाद सुचला नाही.

ते काम मोठ्या डॉक्टरीणबाईंनी केलं. थेंबांमुळे त्यांना कुणाचाच चेहरा धड दिसत नव्हता, म्हणून त्या अंदाजाने एका खांबाकडे तोंड करून म्हणाल्या, "फोटोवाले, तुम्ही बोलत होता तेव्हा मला झोप येत होती. मी हसले ते मागच्या बाईंना बघून. त्या नसत्या तर तुमचा हा कॅमेरा माझी जांभई छापून बसला असता."

धाकटे डॉक्टर म्हणाले की तेवढं कॉम्प्युटरवर पुसून पुन्हा छापून घेता येईल. मास्तरीणबाईंनी घाईने मान डोलावली. पण डॉक्टरीणबाईंनी ऐकलं नाही. "पुसायचं काही कारण नाही. लावा तसाच."

घरी येऊन मास्तरांनी चहा घेतला. कप खाली ठेवून त्यांनी शेवटी विचारलं, "किती वर्षं?"

"एकतीस."

"सगळ्यांना?"

"पासपोर्टवाल्यांना नाही. त्यांना हसायचं नसतं."

"आणि त्या व्याख्यानाच्या वेळी?"

"तेव्हा कुणी हसलंच नाही ना," मास्तरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी बाई स्टुडिओत पोचल्या तेव्हा जिन्याखाली चपला जमिनीवर पडलेल्या होत्या आणि टचिंगचं टेबल खिडकीखाली आपल्या जागी होतं. ते वर कुणी आणलं, हे त्यांनी विचारलं नाही. मास्तर फोटोची फाइल उघडून बसले होते. डोळा मोठा केलेला होता. त्यांनी मागे न बघता तक्रार केली, "तू गुडघा फार वाकवलायस. मी एवढा वाकत नाही."

बाईंनी जिन्याच्या चौकातून शिंप्याला हाक मारली. शिंप्याने टेप न काढताच निकाल दिला की वाकतात, त्याहून जास्तच वाकतात, नवी पँट गुडघ्यात सैल ठेवली ती त्यासाठीच.

त्यानंतर कुणाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मोठ्या डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या आणि लोकांच्या डोळ्यांत बघायचं सोडून बागेतल्या फुलांवरची कीड बघू लागल्या. वर्षातून एकदा त्या स्टुडिओत येत, फोटो काढत नसत, नुसत्या स्टुलावर बसून हसून जात. दुकानदाराने एकशे पाचची लेन्स परत मागितली नाही, पण मास्तरांना पुन्हा कधी चार लेन्स एकदम दिल्या नाहीत. पंच्याऐंशीची लेन्स बाईंनी पुढच्या वर्षी स्वतः जाऊन आणली. इस्पितळाचं काम स्टुडिओला मिळालं आणि ते दहा वर्षं टिकलं. मास्तर फोटो काढण्याआधी आता ओरडून विचारत, "आलीस का गं मागे? जरा डावीकडे उभी राहा, तिथे उजेड बरा आहे." आणि हा सगळा प्रकार आपण पहिल्यापासून ठरवून करत होतो, असंही गिऱ्हाइकांना सांगत. बाई ते सांगू देत.

मेहुण्याला बढती मिळाली. दालनातल्या त्या फोटोचा इस्पितळाने उपयोग शोधून काढला होता. ऑपरेशननंतर पट्टी सोडली की पेशंटला फोटोसमोर एका खुणेवर उभं करायचं आणि उजव्या डोळ्यात काय दिसतं ते विचारायचं; उत्तर लिहून घ्यायला मेहुणा. कुणी म्हणे ठिपका, त्याला आणखी आठ दिवस थेंब. कुणी म्हणे दोन माणसं, त्याला चष्मा. मास्तर दर शनिवारी फोटोचा रंग टिकलाय का, हे बघण्याच्या निमित्ताने तिथे जाऊन बाकावर बसत आणि कान टवकारून ऐकत.

एका शनिवारी एक म्हाताऱ्या आजी आल्या. दोन्ही डोळे नवे. खुणेवर उभ्या राहिल्या, फोटोकडे एकदाच बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एक बाई फोटो काढतीय. आणि पुढं कुणी येडा तिची नक्कल करतोय."

मेहुण्याने भावजींकडे न बघता कागदावर लिहिलं, नजर उत्तम, घरी जाण्यास हरकत नाही. त्यानंतर मास्तर रंग बघायला गेले नाहीत.